जबड्याचा कर्करोग : शीघ्र निदानाचा इतिहास आणि पुणे जिल्हा

जबड्याच्या हाडातच उगम पावणारा कर्करोग विरळा होय. पश्चिम भारतात जबडा पोखरणारा रोग बहुधा हिरडीत अथवा गालाच्या आतील अस्तरात सुरू होतो व मागाहून हाडात शिरतो. निदानाच्या इतिहासात हा भेद निर्णायक ठरला. हाडातील खनिजांचा बराच अंश नाहीसा झाल्यावाचून क्ष-किरणचित्रात ऱ्हासाची छाया उमटत नाही. सबब त्या छायेची वाट पाहणे म्हणजे रोगाला मुदत देणेच होय.

मुंबईचे टाटा स्मारक रुग्णालय १९४१ मध्ये सुरू झाले. तेथील विकृतिशास्त्रज्ञ डॉ. वसंत रामजी खानोलकर यांनी १९४४ मध्ये मुखकर्करोगाच्या एक हजार रुग्णांचा आढावा प्रसिद्ध करून तंबाखू चघळण्याच्या सवयीकडे लक्ष वेधले. परंतु रुग्णालयात येणारा रोगी बहुधा उशिराच आलेला असतो. रोगाचा आरंभ पाहावयाचा तर त्याच्या दारी जाणे भाग होते. टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील डॉ. फली मेहता व त्यांचे सहकारी (त्यांत डेन्मार्कचे पिंडबोर्गही होते) पुणे जिल्ह्यात घरोघरी गेले आणि १,०१,७६१ ग्रामस्थांची मुखतपासणी झाली. तीतील निष्कर्ष १९७२ मध्ये प्रसिद्ध झाले. तोंडातील पांढऱ्या चट्ट्यांचा पानतंबाखू, विडी व मिश्री यांच्याशी असलेला संबंध अशा पाहणीवाचून रुग्णालयाच्या नोंदवहीत कधीच दिसला नसता.

याच काळात जिल्ह्याचे रूप पालटत होते. पिंपरीस १९५४ मध्ये हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची स्थापना झाली. १९६२ मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ अस्तित्वात आले. पुढे चिंचवड, भोसरी आणि बऱ्याच काळाने चाकण येथे कारखाने उभे राहिले. गावकरी कामगार झाला, कमरेची तंबाखूची डबी मात्र त्याच्याबरोबरच आली.

वस्तुतः एवढी माणसे नियमितपणे एके ठिकाणी येत असता तपासणी सुकर व्हावयास हवी होती. कारखाने अधिनियमातील १९८७ च्या दुरुस्तीने धोक्याच्या प्रक्रियेत काम करणाऱ्यांची वर्षातून किमान एकदा वैद्यकीय तपासणी आवश्यक ठरविली. तिचा रोख प्रक्रियेतून उद्भवणाऱ्या अपायावर होता. तंबाखू ही कामगाराची खाजगी बाब राहिली. त्यामुळे दात अकारण हलू लागणे, उपटलेल्या दाताची जखम न भरणे, खालचा ओठ बधिर होणे, या खुणा प्रथम दिसत त्या दंतवैद्याला. त्याने तेथील पेशीजालाचा तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली तपासावयास धाडला, की केवळ दुसरा दात उपटला, यावर पुष्कळदा जबडा वाचणे अवलंबून राहिले.