संधिवात

सांध्यांच्या दाहाने किंवा झिजेने होणाऱ्या विकारांचे बोलीतले सामाईक नाव. त्याखाली शंभराहून अधिक विकार येतात. त्यांची कारणे आणि औषधे इतकी निराळी आहेत, की नुसते ‘वात आहे’ एवढ्यावर गोळ्या सुरू करणे घातक ठरू शकते.

नाशिक जिल्ह्यात सांधेदुखीची मोठी लाट आली ती चिकुनगुन्यामुळे. फेब्रुवारी-मार्च २००६ मध्ये एकट्या मालेगाव शहरात २,००० हून अधिक रुग्णांची नोंद झाली. १९७३ च्या बार्शीच्या साथीनंतर राज्यात या रोगाची मोठी साथ आली नव्हती. तो पसरवणारा एडिस डास साठवणीच्या पाण्यात वाढतो. ताप काही दिवसांत उतरतो. मनगटे, बोटे आणि घोटे मात्र कित्येक आठवडे, काहींचे महिनोन्‌महिने, आखडलेले राहतात. विषाणूवर खास औषध नाही. डेंग्यू नसल्याची खात्री होईपर्यंत फक्त पॅरासिटामॉल द्यावे. इतर वेदनाशामकांनी रक्तस्रावाचा धोका वाढतो. दुखणे तीन महिन्यांपुढे रेंगाळले, तर ते आमवाताहून वेगळे ओळखणे तज्ज्ञालाही सोपे जात नाही.

आमवातात शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच सांध्यांच्या अस्तरावर उलटते. दोन्ही हातांचे लहान सांधे सारखेच सुजतात आणि सकाळचा ताठरपणा तासाहून अधिक टिकतो. स्त्रियांत प्रमाण जास्त असते. पुणे जिल्ह्यातील भिगवण येथे १९९६ मध्ये डॉ. अरविंद चोपडा यांच्या नेतृत्वाखाली घरोघर पाहणी सुरू झाली. तपासलेल्या ४,०९२ प्रौढांपैकी सुमारे ०.५ टक्के लोकांत आमवात आणि ५.८ टक्के लोकांत सांध्यांची झीज आढळली. टक्का लहान दिसला, तरी उशिराची किंमत मोठी असते. पहिल्या काही महिन्यांत उपचार मिळाले नाहीत तर हाडे कुरतडली जातात, आणि वाकडी झालेली बोटे औषधाने सरळ होत नाहीत. मुख्य औषध मेथोट्रेक्सेट. ते आठवड्यातून एकदाच घ्यायचे असते. चुकून रोज घेतल्यास जिवावर बेतते, म्हणून ठरलेला वार चिठ्ठीवर मोठ्या अक्षरात लिहायलाच हवा. सोबत फॉलिक अ‍ॅसिड आणि वेळोवेळी रक्त व यकृताची तपासणी लागते. एवढ्याने भागले नाही तर जैविक औषधे देतात, पण आधी सुप्त क्षयरोग नसल्याचे पाहून. आराम पडतो म्हणून परस्पर घेतलेल्या स्टेरॉइडच्या गोळ्या दुखणे झाकतात. पुढे हाडे ठिसूळ होतात आणि साखर वाढते.

गुडघ्यांच्या झिजेत कूर्चा विरत जाते. वजन उतरवणे आणि मांडीच्या पुढच्या स्नायूंचा नियमित व्यायाम हा खरा उपचार, औषधे दुय्यम. चालणेच अशक्य झाले, तर सांधेरोपण.

वातरक्तात यूरिक अ‍ॅसिडचे स्फटिक साचतात आणि बहुधा पायाचा अंगठा रात्रीतून लाल होऊन ठणकू लागतो. झटक्यात कोल्चिसिन देतात. अ‍ॅलोप्युरिनॉल पुढे दीर्घकाळ घ्यावे लागते. कोल्चिसिन सह्याद्रीतल्या कळलावीतही असते, पण तिचा कंद जहरी असल्याने घरगुती प्रयोग करू नयेत. तिशीच्या आतल्या तरुणाची कंबर पहाटे ताठरत असेल आणि हालचालीने मोकळी होत असेल, तर मणक्यांचा दाहक संधिवात तपासावा.

एकच सांधा अचानक सुजला, गरम झाला आणि सोबत ताप आला, तर जंतुसंसर्ग समजून त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. सांध्यातले पाणी काढून तपासतात, पू उपसतात आणि शिरेतून प्रतिजैविके देतात. थोड्या दिवसांच्या विलंबानेही तो सांधा कायमचा निकामी होऊ शकतो.