शिस्त म्हणजे नेम : गांधींच्या जिल्ह्यातून दिसणारी छात्रसेना

आजच्या विषयाचं नाव ऐकून काहींना थोडं आश्चर्य वाटलं असेल. वर्धा म्हटलं की आपल्याला सेवाग्राम आठवतं, पवनार आठवतं, चरखा आठवतो. मग वर्ध्यात बसून राष्ट्रीय छात्रसेनेचा, म्हणजे एनसीसीचा, इतिहास कशाला उगाळायचा? तर त्याचं कारण एका महिन्यात दडलेलं आहे. तो महिना म्हणजे मार्च 1948.

गांधीजींनी फेब्रुवारी 1948 मध्ये सेवाग्रामला यायचं ठरवलं होतं. रचनात्मक काम करणाऱ्या संस्थांनी पुढं काय करायचं, याचा विचार तिथं व्हायचा होता. 30 जानेवारीला त्यांची हत्या झाली. ती बैठक मग मार्चमध्ये, त्यांच्याशिवाय, सेवाग्रामलाच झाली. नेहरू आले, राजेंद्रप्रसाद आले, मौलाना आझाद आले, विनोबा होतेच. प्रश्न एकच होता : गांधी गेले, आता काय? त्यातून सर्वोदय समाज निघाला. आणि त्याच महिन्यात, तिकडं दिल्लीत, संविधान सभेपुढं कायदेमंडळ म्हणून एक विधेयक आलं. विद्यार्थ्यांना लष्करी प्रशिक्षण देणारी राष्ट्रीय छात्रसेना उभारण्याचं विधेयक. 16 एप्रिल 1948 ला त्याचा कायदा झाला आणि जुलैच्या मध्यावर छात्रसेना सुरू झाली, साधारण वीस हजार मुलांनिशी.

एकाच देशाचे नेते एकाच महिन्यात दोन ठिकाणी तरुणांचा विचार करत होते. एकीकडं खादी, दुसरीकडं खाकी. यातला विरोध सांगणं सोपं आहे, आणि पुष्कळांनी तो सांगितलेला आहे. आपण आज जरा वेगळं पाहू. या दोन्ही वाटांना एकच प्रश्न छळत होता : तरुण माणसाला वळण लावायचं, तर ते बाहेरून लावता येतं का?

आधी एक गैरसमज दूर करू. गांधी आणि कवायत यांचं वाकडं होतं, असं आपण धरून चालतो. पण गांधी स्वतः गणवेशात वावरलेले होते. बोअर युद्धात त्यांनी सुमारे अकराशे हिंदी लोकांचं शुश्रूषा पथक उभं केलं, जखमींच्या डोल्या वाहिल्या. 1906 मध्ये नाताळमधल्या झुलूंच्या उठावाच्या वेळी त्यांच्या लहानशा पथकात त्यांना सार्जंट मेजर हा तात्पुरता हुद्दा होता. पुढं 1938 मध्ये, सेवाग्रामच्या काळात, त्यांनी 'हरिजन'मधून शांतिपथकाची कल्पना मांडली. त्यात एक बारकावा आहे. शांतिसैनिकाला ओळखू येईल असा वेगळा पोशाख असावा, असं ते म्हणतात. म्हणजे गणवेशाची गरज त्यांना मान्य होती. फक्त त्यांची अट अशी की या माणसाची आपल्या वस्तीतल्या लोकांशी दंगलीच्या आधीपासून ओळख हवी. आग लागल्यावर पत्ता विचारत जाणाऱ्याचा उपयोग नाही.

आता छात्रसेनेकडं येऊ. तिची मुळं इंग्रजी अमदानीतली आहेत. पहिल्या महायुद्धात 1917 ला विद्यापीठांतून पथकं निघाली, 1920 नंतर त्यांना युनिव्हर्सिटी ट्रेनिंग कोअर म्हणू लागले, 1942 मध्ये पुन्हा नाव बदललं. सरकारचा हेतू उघड होता : युद्धासाठी अधिकारी हवेत. तो हेतूही नीट साधला नाही. म्हणून 1946 मध्ये पंडित हृदयनाथ कुंझरू यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. कुंझरू हे गोखल्यांच्या भारत सेवक समाजातले. हे ध्यानात ठेवा, कारण छात्रसेनेच्या उद्दिष्टांत चारित्र्य, बंधुभाव, सेवा हे शब्द लष्करी शब्दांच्या बरोबरीनं आले आहेत.

1948 चा मूळ कायदा वाचला तर त्यात दोन गोष्टी फार महत्त्वाच्या आहेत. एक, नाव नोंदवण्याची तरतूद. विद्यार्थी 'स्वतःहून पुढं येऊ शकेल' अशा अर्थाची ती भाषा आहे. त्याला घेतलं जाईल, असं नाही. तो पुढं येईल. दुसरी, या सेनेत आहे एवढ्याच कारणानं कुणावरही प्रत्यक्ष लष्करी सेवेची सक्ती होणार नाही, हे कलम. कायदा करणाऱ्यांनी सैन्याची शिकवण घेतली, पण सैन्याची सक्ती बाहेर ठेवली. मुलींसाठी वेगळा विभाग याच कायद्यात होता आणि 1949 मध्ये तो सुरूही झाला. ज्या वर्ध्यात महिलाश्रमानं मुलींना शिक्षणासाठी घराबाहेर काढलं, तिथल्या माणसाला या कलमाचं मोल वेगळं सांगायला नको.

मग 1962 आलं. चीननं आक्रमण केलं, देश हादरला. यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री म्हणून दिल्लीला गेले. 1963 मध्ये कॉलेजच्या मुलांना एनसीसी सक्तीची झाली. कायद्यातलं ते 'स्वतःहून' बाजूला पडलं. त्या वेळची भीती खरी होती, लोकांचा उत्साहही खरा होता. त्याची आज टिंगल करण्यात अर्थ नाही. पण एका झटक्यात एवढी मुलं आत घ्यायची, तर तेवढे प्रशिक्षक कुठून आणायचे? तेवढे बूट, तेवढे गणवेश, तेवढ्या रायफली?

आमच्या पिढीनं त्या सक्तीचा शेवटचा काळ कॉलेजात पाहिला. परेडच्या दिवशी मैदान गच्च भरायचं. हजेरी झाली की मागच्या दोन रांगा हळूच विरळ व्हायच्या. कुणी दुखऱ्या पायाची चिठ्ठी आणायचा, कुणी मित्राच्या नावाला 'यस सर' म्हणायचा. पट्टा पॉलिश केलेला असायचा, पण तो तपासणीपुरता. सक्तीनं हजेरी मिळाली, शिस्त मिळाली नाही. तत्त्वज्ञानाच्या वर्गात आम्ही पुढं कितीतरी वर्षं कांट शिकवला. दुसऱ्याच्या धाकानं पाळलेला नियम आणि स्वतः स्वतःला घालून घेतलेला नियम, यातला फरक समजावताना पुस्तकातल्या उदाहरणापेक्षा ही मागची रांग जास्त कामी यायची.

1968 मध्ये ती सक्ती गेली, एनसीसी पुन्हा ऐच्छिक झाली. इथं वर्ध्याचा धागा पुन्हा वर येतो. ऑक्टोबर 1937 मध्ये वर्ध्याच्या नवभारत विद्यालयात राष्ट्रीय शिक्षण परिषद भरली होती. तिथं नई तालीमची योजना आकाराला आली : सात वर्षांचं मोफत शिक्षण, मातृभाषेतून, हस्तोद्योगाच्या आधारानं. योजना तपशिलात मांडायला जी समिती नेमली, तिचे अध्यक्ष डॉ. झाकिर हुसेन, आणि एक सदस्य के. जी. सय्यदैन. आता पुढं काय झालं ते बघा. 1968 मध्ये झाकिर हुसेन भारताचे राष्ट्रपती होते, म्हणजे तिन्ही सैन्यदलांचे सर्वोच्च सेनापती. आणि सय्यदैन यांनी 1960 च्या सुमारास निरनिराळ्या देशांतल्या तरुणांच्या राष्ट्रसेवेच्या योजनांचा अभ्यास सरकारसाठी केला होता. त्या विचारमंथनातून 24 सप्टेंबर 1969 ला, गांधी जन्मशताब्दीच्या वर्षात, राष्ट्रीय सेवा योजना सुरू झाली. 37 विद्यापीठं आणि चाळीस हजार विद्यार्थी. ज्याला एनसीसी नको, त्याला सेवेचा रस्ता खुला झाला. हातानं काम करता करता शिकायचं, ही 1937 ची वर्ध्याची गोष्ट कॉलेजात या दारानं शिरली.

मात्र गांधींच्या वाटेवर सगळं आलबेल होतं, असंही मानू नका. विनोबांनी 1957 मध्ये केरळात शांतिसेना प्रत्यक्ष उभी केली. दंगलग्रस्त गावांतून तिनं मोलाचं काम केलं. पण 1974-75 मध्ये बिहार आंदोलनाच्या प्रश्नावर सर्वोदयात फूट पडली आणि शांतिसेनेचा जोर ओसरला. खाकीवाल्यांकडं सरकारचं पाठबळ होतं, तंबू होते, रेल्वेचे पास होते. खादीवाल्यांकडं निष्ठा होती, पण ती पुढच्या पिढीकडं सोपवण्याची पक्की रीत नव्हती. वळण टिकवायला संस्था लागते, दरवर्षी भरणारं शिबिर लागतं, ठरलेला वार आणि ठरलेली वेळ लागते. हे छात्रसेनेकडून शिकण्यासारखं आहे.

याच काळात पवनारहून एक शब्द देशभर गेला. 1975 मध्ये आणीबाणी लागली, तेव्हा विनोबा मौनात होते. त्यांच्या नावानं 'अनुशासन पर्व' हे दोन शब्द सरकारनं भिंतीभिंतींवर रंगवले. लोकांना वाटलं, विनोबांनी आणीबाणीला आशीर्वाद दिला. जानेवारी 1976 मध्ये पवनारला आचार्य संमेलन झालं. तिथं विनोबांनी भेद उलगडला : सत्ताधाऱ्यांचं असतं ते शासन, आचार्यांचं असतं ते अनुशासन. त्यांच्या त्या वेळच्या भूमिकेविषयी मतभेद आहेत आणि राहतील. पण हा भेद सुटा घेतला तरी बावनकशी आहे. शासनाला आज्ञा द्यावी लागते. अनुशासनात आधी देणाऱ्याला स्वतः तसं वागावं लागतं. आणि योगायोग असा, की 1980 मध्ये छात्रसेनेनं जे बोधवाक्य स्वीकारलं ते 'एकता और अनुशासन' हेच.

आता आपला मराठी शब्द पाहा : शिस्त. हा फारसीतून आलेला शब्द आहे आणि त्याचा जुना अर्थ आहे नेम. बंदुकीची शिस्त धरणं म्हणजे नेम धरणं. छात्रसेनेचं रायफलचं प्रशिक्षण हिंदीतून चालतं, त्यात आजही 'शिस्त लेना' हा धडा असतो. आपल्याकडचं पोरगं पहिल्यांदा ऐकतं तेव्हा गोंधळतं. त्याला वाटतं, उस्ताद ओळीत उभं राहायला सांगताहेत. उस्ताद सांगत असतात : एक डोळा मीट, श्वास रोख, पुढचं टोक आणि लक्ष्य एका रेषेत आण. नेम धरण्यासाठी अंग आवरावं लागतं, म्हणून नेमाचा शब्द आवरण्याला लागू झाला. पुढं आपण आवरणं तेवढं लक्षात ठेवलं आणि लक्ष्य विसरलो.

हा शब्दखेळ नाही. आजच्या प्रश्नाला तो थेट भिडतो. वर्ध्यात आज 21 महाराष्ट्र बटालियन आहे. पहाटे मैदानावर जाणाऱ्या मुलामुलींत शेतकऱ्यांची, मजुरांची लेकरं असतात. 'सी' प्रमाणपत्र चांगल्या श्रेणीत मिळालं तर लेखी परीक्षा न देता अधिकारपदाच्या मुलाखतीपर्यंत जाता येतं, अग्निवीर भरतीत जादा गुण मिळतात. 2021 पासून विद्यापीठांत एनसीसीला श्रेयांकही मिळू शकतात. सोयाबीन-कपाशीच्या भावावर ज्यांचं घर चालतं, त्यांनी या संधीकडं पाहावं यात काहीही गैर नाही. पोट असलेल्या माणसाला निष्काम कर्म शिकवायला आम्ही जाणार नाही. पण 1963 मध्ये हजेरी कायद्यानं भरली होती; ती आता गुणांनी भरू लागली, तर मागच्या रांगेचं काय होईल, हे विचारलं पाहिजे.

याच जिल्ह्यात पुलगावला लष्कराचं केंद्रीय दारूगोळा भांडार आहे. 30-31 मे 2016 च्या रात्री तिथं आग लागली. अधिकारी, जवान आणि अग्निशमन दलाची माणसं तिच्याशी झुंजताना गेली. आगीकडं जाणाऱ्या त्या माणसांना त्या क्षणी कुठल्या गुणांचा हिशेब करायचा होता? सेवाग्रामपासून काही कोसांवरची ही गोष्ट आहे. शांतिसैनिकाकडून गांधींची अपेक्षा हीच होती : आगीकडं पाठ फिरवायची नाही.

आणि 2020 ची टाळेबंदी आठवा. 'एनसीसी योगदान' या उपक्रमात अठरा वर्षांवरचे छात्र स्वतःहून पुढं आले. रांगा लावणं, धान्य पोचवणं, वाहतूक सांभाळणं, फोनवर माहिती देणं. हातात रायफल नव्हती, अंगावर खाकी होती, आणि काम सगळं शांतिसैनिकाचं होतं. 1948 च्या मार्चमध्ये ज्या दोन वाटा वेगळ्या निघाल्या होत्या, त्या तिथं रेशनच्या रांगेशी एकत्र आलेल्या दिसल्या. त्यांना जोडणारा दुवा कायद्यातला तो जुना शब्दच होता : स्वतःहून.

म्हणून शिक्षकांना आणि छात्रसेनेच्या अधिकाऱ्यांना आमची एक साधी सूचना आहे. नावनोंदणीच्या दिवशी उंची मोजता, छाती मोजता, धावायला लावता. ते सगळं करा. त्याबरोबर मुलाला शेजारी बसवून विचारा, 'तुझा नेम कशावर आहे?' त्यानं 'नोकरी' म्हटलं तर ते मोकळेपणानं ऐकून घ्या. तीन वर्षांनी, शेवटचं शिबिर संपल्यावर, त्याच मुलाला तोच प्रश्न पुन्हा विचारा. उत्तरात एखाद्या शब्दाची भर पडली असेल, तर प्रशिक्षण झालं असं समजा.