पन्नास वॉटचा बडेजाव

गाडीतला आवाज आवडत नसेल तर कंपनीचा स्टिरिओ काढून बाहेरचा बसवावा, हे मत सुरतेत आता सिद्धान्ताच्या थाटात सांगितले जाते. कतारगाम या हिऱ्यांच्या कारखान्यांच्या वस्तीत नवी गाडी दारात आली की पेढ्यांपाठोपाठ मोठ्या स्क्रीनची चर्चा सुरू होते. गाण्यावर प्रेम आहे म्हणूनच हा सिद्धान्त तपासणे भाग आहे.

आधी पूर्वपक्ष न्यायाने मांडू. बेस मॉडेलमध्ये कंपनी स्टिरिओवर हात आखडता घेते. बाहेरच्या सेटच्या खोक्यावर ‘५०×४ वॉट’ छापलेले असते. शिवाय नकाशा, ब्लूटूथ, मागचा कॅमेरा मिळतो, आणि हे सगळे टॉप मॉडेलपेक्षा स्वस्तात. यात तथ्य आहे. ज्या गाडीत स्टिरिओच नाही किंवा ब्लूटूथही नाही, तिथे नवा सेट जरूर घ्यावा. वाद आहे तो आवाजाबद्दलचा.

पहिला मुद्दा वॉटचा. इंजिन चालू असताना गाडीत साधारण १४.४ व्होल्ट मिळतात; स्पीकर बहुधा ४ ओहमचा. व्होल्टचा वर्ग करून ओहमने भागा, सुमारे ५२ येतात. खोक्यावरचा आकडा हाच. पण हा हिशेब लाट चौकोनी झाल्यावरचा, म्हणजे आवाज पुरता फाटल्यावरचा. शुद्ध स्वरासाठी निम्मे, २६ वॉट. गळती वजा जाता विसाच्या आसपास. कंपनीच्या सेटलाही तीच बॅटरी आणि बहुधा त्याच जातीची चिप असते. शक्ती खरोखर दुप्पट झाली, तरी वाढ अवघी ३ डेसिबलची. कानाला आवाज दुप्पट वाटायला सुमारे दहापट शक्ती लागते. मग पन्नासातले उरले काय? छपाई. ज्या वस्तीत दहापट भिंगाखाली धरल्याशिवाय हिऱ्याचा सौदा होत नाही, तिथे हा आकडा न तपासता कसा खपतो?

दुसरा मुद्दा: दोष आहे कुठे? दाराची आतली ट्रिम उघडून पाहा. पातळ पत्रा, त्यात मोठमोठी भोके आणि हलक्या कागदी शंकूचा स्पीकर. शंकूच्या पुढची लाट आणि मागची उलटी लाट या भोकांतून एकमेकींना भेटतात आणि खर्ज जागीच मरतो. पत्रा थरथरतो ते वेगळेच. डॅशबोर्डमधला सेट बदलल्याने दारातली भोके बुजतात का? नव्या सेटवर गाणे दमदार वाटते, कारण अनेकदा त्यात लाउडनेस आणि बास आधीच चढवून ठेवलेले असतात. ती सुधारणा नव्हे, सजावट आहे.

तिसरा मुद्दा वायरिंगचा. गाडीच्याच प्लगला जुळणारा कपलर लावला की वायर कापावी लागत नाही, असे सांगतात. मान्य. पण हल्लीच्या अनेक गाड्यांत स्टीअरिंगवरची बटणे आणि कॅमेरा मूळ सेटशी जोडलेले असतात. योग्य डिकोडर नसेल तर ते मुके होतात. नव्या सेटच्या पिवळ्या वायरीला कायम वीज हवी, लालला चावीबरोबर. घाईत दोन्ही कायम विजेच्या वायरीलाच पिळल्या तर चावी काढूनही सेट जागा राहतो. हिऱ्यांच्या कारखान्यांच्या लांब दिवाळी सुट्टीत गाडी उभी राहिली, की बॅटरी बसलीच म्हणून समजा.

मग करावे काय? क्रम उलटा करावा. आधी पुढच्या दारांत डॅम्पिंग शीट चिकटवा, भोके बुजवा, चांगले स्पीकर बसवा. तरीही कमी वाटले तर वेगळा ॲम्प्लिफायर घ्या. तो व्होल्टेज आतल्या आत वाढवतो, म्हणून १४.४ व्होल्टची मर्यादा त्याला ओलांडता येते. अनेक ॲम्प्लिफायरना कंपनीच्या सेटच्या स्पीकर वायरवरूनही सिग्नल देता येतो. सेटचा नंबर शेवटचा.

निकाल वाचकाने द्यावा. दुकानात नवा सेट तुमच्याच जुन्या स्पीकरवर जोडायला सांगा. दोन्ही सेटचे लाउडनेस आणि बास बंद करा, आवाज सारखा ठेवा, आणि ओळखीचे गाणे डोळे मिटून ऐका. फरक ओळखता आला तर खुशाल पैसे मोजा. नाही आला, तर तेच पैसे दारात घाला.