दहा गुणांची गोष्ट, आणि आपल्या हायवेवरची पोरं

रात्री एक-दीडचा सुमार. बोरिवलीत ज्यांची घरं हायवेला लागून आहेत त्यांना हा आवाज वेगळा सांगायला नको. आधी मागाठाण्याच्या बाजूनं बारीक गुणगुण येते. मग दहा-बारा बाईक, सायलेन्सर बदललेले, खिडक्यांच्या काचा थरथरवत दहिसरच्या दिशेनं निघून जातात. पाठोपाठ एखादी कार. दुसऱ्या दिवशी सकाळी सोसायटीच्या ग्रुपवर ठरलेली चर्चा: "पोलीस काय करतात?", "आईबाप काय करतात?", "एकेकाला फटके द्या." मीही खाली अंगठा दाखवून मोकळा होतो.

गेल्या महिन्यात मागच्या बिल्डिंगमधला एक मुलगा त्यातच पडला. वय एकोणीस, गॅरेजमध्ये कामाला. नशिबानं फक्त पायावर निभावलं. भेटायला गेलो तेव्हा उपदेशाची पूर्ण तयारी करून गेलो होतो. विचारलं, "कशासाठी रे हे?" प्लास्टरकडे बघत म्हणाला, "काका, कोण पुढे ते कळायला पाहिजे ना."

या एका वाक्यावर माझा उपदेश संपला. कारण मोटार शर्यतीचा सगळा इतिहास म्हणजे याच प्रश्नाचं उत्तर शोधण्याचा इतिहास आहे. आणि ज्या लोकांनी ते शोधलं ते काही सभ्य घरचे नव्हते. ते दारूची वाहतूक करणारे होते.

अमेरिकेत १९२० ते १९३३ दारूबंदी होती. बंदी उठली, पण नॉर्थ कॅरोलायना, जॉर्जिया, व्हर्जिनियाच्या डोंगराळ भागात कर चुकवून हातभट्टी लावणं चालूच राहिलं. माल शहरात पोचवायचा रात्री, घाटातून, दिवे विझवून, मागे सरकारी गाडी. त्यासाठी गाडी बाहेरून अगदी साधी दिसली पाहिजे, आतून मात्र इंजिन जोरदार हवं. मागच्या स्प्रिंगांवर खास काम केलेलं, म्हणजे डिकीत भरलेल्या मालानं गाडी खाली बसणार नाही. आता असे चार ड्रायव्हर एकत्र भेटले की काय होणार? तुझी पळते का माझी! रविवारी शेतात गोल मातीचा रस्ता आखायचा आणि सोक्षमोक्ष लावायचा.

तिथून 'स्टॉक कार' शर्यत वाढली. स्टॉक म्हणजे आपले मेकॅनिक ज्याला 'कंपनी फिटिंग' म्हणतात ती गाडी, शोरूममधून येते तशी. पण गावागणिक नियम वेगळे आणि विजेतेही वेगळे. काही आयोजक तर शर्यत संपायच्या आत तिकिटांचा गल्ला घेऊन पसार व्हायचे. म्हणून १४ डिसेंबर १९४७ रोजी बिल फ्रान्स नावाच्या माणसानं फ्लोरिडातल्या डेटोना बीचवर, स्ट्रीमलाइन हॉटेलात, या धंद्यातली तीसपस्तीस माणसं जमवली. फेब्रुवारी १९४८ मध्ये नासकार ही संस्था नोंदवली गेली.

पहिली कंपनी फिटिंग शर्यत झाली १९ जून १९४९ ला, शार्लट गावी. (त्याच साली आपल्याकडे मुंबई दारूबंदी कायदा आला. योगायोग.) ग्लेन डनवे पहिला आला. नंतर गाडी तपासली तर मागच्या स्प्रिंगांवर तीच दारूवाल्यांची कारागिरी! बक्षीस काढून घेतलं आणि कितीतरी फेऱ्या मागे असलेल्या जिम रोपरला विजेता ठरवलं. गाडीचा मालक कोर्टात गेला आणि हरला. नियम संस्थेचे, ते मोडले तर बाद करायचा अधिकारही संस्थेचा, हे कोर्टानं मान्य केलं.

मला वाटतं, हा खेळ खरा त्या दिवशी सुरू झाला. रात्री पोलिसांना चुकवणारा माणूस दिवसा स्वतःहून तपासणीला गाडी उभी करायला लागला. त्याला कुणी सुधारलं नव्हतं. त्याला फक्त कळलं होतं की इथं जिंकलेलं टिकतं, वहीत नोंदलं जातं.

आता वहीकडे येऊ. १९७५ पासून नासकारमध्ये गुणांची एक साधी पद्धत होती. पहिल्याला १७५, दुसऱ्याला १७०, तिसऱ्याला १६५, असं उतरत शेवटच्यालाही काहीतरी. एक फेरी जरी आघाडीवर राहिलात तरी ५ जादा. सर्वांत जास्त फेऱ्या आघाडीवर राहणाऱ्याला आणखी ५. प्रत्येक शर्यतीला हाच हिशेब आणि वर्षाअखेर बेरीज. पहिला आणि दुसरा यांच्यातलं अंतर किती कमी आहे बघा. एक शर्यत जिंकून पुढच्या तीनांत गाडी फोडणारा या हिशेबात मागे पडतो. दर वेळी गाडी धड परत आणणारा पुढे जातो. 'बेफाम चालवू नका' असा बोर्ड कुठेही नव्हता. तो बोर्ड बेरजेतच होता.

या पद्धतीतली सर्वांत अटीतटीची वेळ आली १५ नोव्हेंबर १९९२ ला, अटलांटात, मोसमाच्या शेवटच्या शर्यतीत. सहा जणांना विजेतेपदाची संधी होती. डेव्ही ॲलिसन सर्वांत पुढे. त्याच्या ३० गुण मागे ॲलन कुलविकी, ४० गुण मागे बिल एलियट.

एलियटच्या गाडीचे मालक होते ज्युनिअर जॉन्सन. तरुणपणी बापाची हातभट्टीची दारू वाहून नेणारा, भट्टीवर पकडला जाऊन तुरुंगात गेलेला, पुढे शर्यतींमधला दादा माणूस झालेला. १९८६ मध्ये राष्ट्राध्यक्ष रेगन यांनी त्यांना माफी दिली. आणि कुलविकी? विस्कॉन्सिनचा इंजिनिअर. स्वतःच मालक, स्वतःच ड्रायव्हर, छोटीशी टीम. याच जॉन्सन यांनी त्याला मोठ्या रकमेची ऑफर दिली होती, ती त्यानं नाकारली होती. सहा शर्यती उरल्या असताना तो २७८ गुण मागे होता. कुणी त्याला हिशेबातही धरत नव्हतं. त्याच्या फोर्ड थंडरबर्डवर पुढे 'थंडरबर्ड' असं लिहिलेलं असायचं. त्या दिवशी त्यानं परवानगी घेऊन पहिली दोन अक्षरं झाकली. उरलं 'अंडरबर्ड'. म्हणजे कमजोर समजला गेलेला.

ॲलिसनला पहिल्या पाचात आलं तरी पुरे होतं. पण सुमारे अडीचशे फेऱ्या झाल्यावर पुढची गाडी गिरकी खाऊन आडवी आली, हा तिच्यावर आदळला आणि त्याचा खेळ संपला. मैदानात राहिले कुलविकी आणि एलियट. एकूण ३२८ फेऱ्या. कधी हा पुढे, कधी तो. कुलविकीची माणसं भिंतीपाशी बसून फेऱ्या मोजत होती. आपण आणखी किती फेऱ्या पुढे राहिलो तर ते जादा ५ गुण एलियटला मिळणारच नाहीत? तो आकडा गाठेपर्यंत त्यांनी त्याला पेट्रोलला आत घेतलं नाही. गाठला, मग घेतलं.

शर्यत एलियटनं जिंकली, कुलविकी दुसरा आला. पण सर्वाधिक फेऱ्या आघाडीवर कोण? कुलविकी १०३, एलियट १०२. एका फेरीचा फरक. म्हणजे एलियटला १७५ अधिक ५, कुलविकीला १७० अधिक ५ अधिक ५. दोघांना १८०. आधीचं १० गुणांचं अंतर तसंच राहिलं: ४०७८ विरुद्ध ४०६८. ती एक फेरी इकडची तिकडे झाली असती तर दोघांचे गुण सारखे झाले असते आणि मोसमात जास्त शर्यती जिंकल्यामुळे विजेतेपद एलियटकडे गेलं असतं. शेवटच्या दिवशी दुसरा आलेला माणूस वर्षाचा विजेता ठरला, आणि ते सगळ्यांनी मान्य केलं. ज्युनिअर जॉन्सन यांनाही मान्य करावं लागलं.

पुढची गोष्ट वाईट आहे. १ एप्रिल १९९३ ला कुलविकी विमान अपघातात गेला. त्याच जुलैत ॲलिसन हेलिकॉप्टर अपघातात.

सगळं गोड होतं असं नाही. वही ठेवणारा प्रामाणिक नसला तर वहीला अर्थ नाही. वेंडेल स्कॉट हा कृष्णवर्णीय ड्रायव्हर, तोही सुरुवातीला हातभट्टीची दारू वाहणारा. १ डिसेंबर १९६३ ला जॅक्सनव्हिलमध्ये तो जिंकला, पण जाहीर केलं बक बेकर या गोऱ्या ड्रायव्हरला. नंतर, प्रेक्षक घरी गेल्यावर, 'मोजताना चूक झाली' म्हणून विजय स्कॉटच्या नावावर केला. करंडक मात्र दिला नाही. स्कॉट १९९० मध्ये वारला. त्याच्या घरच्यांच्या हाती करंडक पडला २०२१ साली. आपल्या समाजात कुणाची फेरी मोजायची आणि कुणाची नाही हे कसं ठरत आलंय, ते मी सांगायला नको.

आणि ट्रॅकवरही माणसं मरतात. १८ फेब्रुवारी २००१ ला डेटोनात डेल अर्नहार्ट हा तिथला सर्वांत मोठा ड्रायव्हर शेवटच्या फेरीत गेला. त्यानंतर मान सांभाळणारा पट्टा सक्तीचा झाला, धक्का शोषणाऱ्या भिंती आल्या. त्या वरच्या मालिकेत त्यानंतर एकही ड्रायव्हर शर्यतीत दगावलेला नाही. तिथं एका मृत्यूनंतर नियम बदलले. आपल्या हायवेवर पंचनामा होतो आणि पुढच्या शनिवारी पुन्हा आवाज येतो.

आता म्हणाल, अमेरिकेचं कौतुक इथं कशाला? तर आपल्याकडेही हे सगळं होतं. देशाची खरी कंपनी फिटिंग गाडी आपल्या कुर्ल्यातच बनायची. वालचंद हिराचंद यांच्या प्रीमिअर कारखान्यातली फिएट, जी पुढे पद्मिनी झाली आणि आपली काळी-पिवळी टॅक्सी झाली. हीच फिएट देशातल्या शर्यतींमध्येही धावायची. जुहूच्या ज्या धावपट्टीवर १५ ऑक्टोबर १९३२ ला जेआरडी टाटा कराचीहून टपाल घेऊन उतरले, तिथं पुढे मोटारींच्या शर्यती झाल्या. विमानं सांताक्रूझला गेली, जुहू हेलिकॉप्टरचं झालं, आजूबाजूला इमारती उभ्या राहिल्या आणि शर्यत संपली. मद्रासवाल्यांनी मात्र शोलावरमची जुनी धावपट्टी धरून ठेवली. पुढे १९९० मध्ये इरुंगट्टुकोट्टईला खराखुरा ट्रॅक उभा केला. गेल्या काही वर्षांत तर चेन्नईत शहरातले रस्ते बंद करून रात्रीची शर्यत झाली, ऑगस्ट २०२४ मध्ये, सरकारच्या मदतीनं.

कायदा आड येतो का? मोटार वाहन कायद्याचं कलम १८९ वाचा. रस्त्यावर शर्यत लावली तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. पण त्याच कलमात लिहिलंय: 'राज्य सरकारच्या लेखी संमतीशिवाय'. म्हणजे कुलूप आणि किल्ली एकाच ओळीत आहेत. आणि हे राज्याला जमत नाही असंही नाही. बैलगाडा शर्यतीवर २०१४ मध्ये सुप्रीम कोर्टाची बंदी आली. आपण २०१७ मध्ये कायदा केला, अटी घातल्या, १६ डिसेंबर २०२१ ला परवानगी मिळवली, मे २०२३ मध्ये घटनापीठानं ती कायम केली. बैलासाठी नियम लिहिता येतात तर पोरांसाठी का नाहीत?

मला फॉर्म्युला वनचा ट्रॅक नकोय. आरेचं एक झाड तोडून तर मुळीच नकोय. महिन्यातून एक रविवार, वस्तीपासून दूर, पहाटे एक सरळ रस्ता बंद. हेल्मेट, गाडीची तपासणी, ॲम्ब्युलन्स, आणि एक वही. आवाजाचा त्रास होईल, मान्य. आत्ता रोज रात्री होतो तो काय आहे? आणि हे सुरू झाल्यावरही जो हायवेवर पळेल त्याला खुशाल आत टाका. मीच फोन करीन.

परवा त्या मुलाला ही कुलविकीची गोष्ट सांगितली. सगळी ऐकून घेतली. मग पहिला प्रश्न: "काका, तो १०३ चा आकडा मोजत कोण होतं?" मी म्हटलं, त्याच्या टीमची माणसं, भिंतीपाशी बसून. थोडा वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "मला ते पण जमेल."