देवनागरी खिळ्यांची जन्मकथा

शास्त्रे हाताने लिहून जतन करण्याची परंपरा आपल्या समाजाला नवी नाही. ताडपत्रे व कागदी पोथ्या यांनी भरलेली ग्रंथभांडारे हे आपले पिढीजात वैभव होय. ते सामान्य श्रावकाच्या घरापर्यंत पोहोचविले मुद्रणकलेने. ही कला आपल्या लिपीत कशी अवतरली, याचा अल्प परिचय येथे करून देत आहोत.

सुट्या खिळ्यांनी छापण्याची कल्पना मूळची चीनची. अकराव्या शतकात पी शेंग याने भाजलेल्या मातीचे खिळे घडविले. कोरियात १३७७ मध्ये धातूच्या खिळ्यांनी ‘जिकजी’ हा बौद्ध ग्रंथ छापला गेला. पुढे जर्मनीतील माइन्झ येथे योहान गुटेनबर्ग याने १४५५ च्या सुमारास बायबल छापले आणि युरोपात या कलेचा पाया घातला गेला. तेथे रूढ झालेली रीत अशी : पोलादी सळईच्या टोकावर उलटे अक्षर कोरावयाचे, तो ठसा तांब्यावर ठोकून मातृका करावयाची आणि तिच्यावर शिशाचा मिश्र रस ओतून हवे तितके खिळे पाडावयाचे.

हिंदुस्थानात पहिला छापखाना १५५६ मध्ये गोव्यात उतरला. तथापि फादर स्टीफन्स यांचे ‘क्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये छापले गेले ते रोमन लिपीत. भाषा मराठी होती. परंतु देवनागरी खिळे नव्हते. रोमन लिपीचे काम थोड्या अक्षरांत भागते. देवनागरीत काना, मात्रा, वेलांटी, उकार व जोडाक्षरे धरून शेकडो खिळे लागतात. अडचण यंत्राची नव्हती, अक्षरांची होती.

सुरतेचे व्यापारी भीमजी पारेख यांनी आपल्याकडील प्राचीन ग्रंथ छापावेत असा ध्यास घेतला. त्यांच्या विनंतीवरून ईस्ट इंडिया कंपनीने १६७४ मध्ये हेन्री हिल्स नावाचा मुद्रक पाठविला. पण तो छापणारा निघाला. खिळे घडविणे त्यास अवगत नव्हते. भीमजींचा संकल्प सिद्धीस गेला नाही, तरी या कार्यासाठी पदरचे द्रव्य वेचणारा हा व्यापारी स्मरणात ठेवण्याजोगा आहे.

हे कार्य अखेर एका कारागिराने केले. बंगालमध्ये १७७८ च्या सुमारास चार्ल्स विल्किन्स यांच्या हाताखाली तयार झालेले पंचानन कर्मकार पुढे श्रीरामपूरच्या मिशन छापखान्यात आले आणि तेथे देवनागरीचे ठसे कोरले गेले. याच छापखान्यातून १८०५ मध्ये विल्यम कॅरी यांचे मराठी व्याकरण देवनागरी खिळ्यांत बाहेर पडले. मार्च १८१२ मध्ये छापखान्यास आग लागून खिळे वितळले. परंतु ठसे वाचल्याने वितळलेल्या धातूतूनच काही महिन्यांत खिळे पुन्हा ओतता आले. खिळा झिजतो, वितळतो; कोरलेला ठसा राहिला की अक्षर राहते.

मुंबईत गणपत कृष्णाजी यांनी १८३१ मध्ये शिळाछापावर मराठी पंचांग छापले आणि पुढे स्वतः खिळेही तयार केले. छापील शाईत चरबी असते, या शंकेने अनेक धर्मशील लोक छापील कागदास शिवत नसत. गणपत कृष्णाजींनी त्यांच्याशी वाद घातला नाही. तुपाची शाई केली. लोकांची श्रद्धा न दुखविता त्यांच्या हाती ग्रंथ देण्याचा हा मार्ग होता. त्यानंतर जावजी दादाजी यांनी १८६४ मध्ये खिळे ओतण्याचा कारखाना व १८६९ मध्ये निर्णयसागर छापखाना काढला. त्यांचे जिवलग राणोजी रावजी आरू यांनी कोरलेल्या सुबक अक्षरांनी देवनागरीस कीर्ती मिळवून दिली.

शास्त्र छापावे की नाही, हा प्रश्न आपल्या समाजातही तीव्रतेने उपस्थित झाला होता. छपाईने शास्त्राची आशातना होईल, ही भीती श्रद्धेपोटीच होती. परंतु एकाच ठिकाणी बंद राहिलेली पोथी वाळवी, ओल व आग यांच्या अधीन असते, हेही तितकेच खरे. मूडबिद्री येथील ताडपत्रांवर शतकानुशतके राहिलेला षट्खंडागम ‘धवला’ टीकेसह डॉ. हिरालाल जैन यांच्या संपादनाखाली १९३९ पासून अमरावतीहून छापून प्रसिद्ध होऊ लागला, तेव्हा तो ग्रंथ प्रथमच दूरदूरच्या अभ्यासकांच्या हाती आला.

ज्यांनी पोथ्या जपल्या त्यांचे ऋण आपण मानतोच. ज्या लोहारांनी, कोरक्यांनी व जुळाऱ्यांनी त्यांतील अक्षर घरोघरी नेले, तेही आपल्या कृतज्ञतेस पात्र आहेत.