स्तनात गाठ लागली म्हणजे ऑपरेशन करावंच लागतं का?

आंघोळ करताना स्तनातली गाठ हाताला लागली, की मनात दोन प्रश्न येतात. हा कॅन्सर तर नाही ना? आणि आता स्तन काढावा लागणार का? या दुसऱ्या प्रश्नाच्या धास्तीनेच अनेक जणी महिनोन्‌महिने घरात कुणाला काही सांगत नाहीत. 'दुखत तर नाही, मग राहू दे' म्हणत दिवस ढकलले जातात. याउलट काही जणी इतक्या घाबरतात, की कुठलीही तपासणी न करता 'गाठ आधी काढूनच टाका' असं डॉक्टरांना सांगतात. दोन्हींत नुकसान होऊ शकतं.

स्तनातल्या बहुतेक गाठी कॅन्सरच्या नसतात. आणि कॅन्सर निघाला, तरी प्रत्येक वेळी पूर्ण स्तन काढावा लागत नाही. मग ऑपरेशनची गरज नेमकी कधी पडते? समजून घेऊया.

आधी तपासणी, मग निर्णय

गाठ नेमकी कसली आहे हे ठरवायला तीन पायऱ्या असतात. पहिली, डॉक्टर दोन्ही स्तन आणि काख हाताने तपासतात. दुसरी, सोनोग्राफी किंवा मॅमोग्राफी. तरुण वयात स्तन दाट असल्यामुळे मॅमोग्राफीत गाठ नीट दिसत नाही, म्हणून आधी सोनोग्राफी करतात. चाळिशीनंतर मॅमोग्राफी आणि गरजेप्रमाणे सोनोग्राफी केली जाते. तिसरी पायरी बायोप्सीची. जागा बधिर करून सुईने गाठीचे बारीक तुकडे काढतात आणि ते तपासायला पाठवतात.

'सुई टोचली की कॅन्सर पसरतो' हा मोठा गैरसमज आहे. उलट बायोप्सी न करता गाठ काढली आणि नंतर रिपोर्टमध्ये कॅन्सर निघाला, तर अनेकदा दुसरं ऑपरेशन करावं लागतं आणि पुढच्या उपचारांचं नियोजन अवघड होतं.

कॅन्सर नसेल तर?

तरुण मुलींमध्ये सर्वाधिक आढळणारी गाठ म्हणजे फायब्रोअ‍ॅडिनोमा. साधारण १५ ते ३५ या वयात ती दिसते. ती रबरासारखी लागते आणि बोटाखाली सरकते. ती लहान असेल आणि तपासणीत शंकास्पद काही नसेल, तर ठरावीक काळाने सोनोग्राफी करून लक्ष ठेवणं पुरतं. गाठ वाढत असेल, मोठी असेल, त्रास देत असेल किंवा निदान पक्कं होत नसेल, तर ती काढण्याचा सल्ला दिला जातो.

पाण्याने भरलेल्या साध्या गाठी, म्हणजे सिस्ट, बहुतेक वेळा तशाच ठेवता येतात. त्या दुखत असतील तर सुईने पाणी काढतात.

फायलोड्स ट्यूमरचं मात्र वेगळं आहे. सुरुवातीला ती फायब्रोअ‍ॅडिनोमासारखीच वाटते, पण झपाट्याने वाढू शकते. ती ऑपरेशननेच काढावी लागते.

एकाच स्तनाग्रातून आपोआप रक्त किंवा पाण्यासारखा स्राव येत असेल, तर तपासणीनंतर ती नलिका काढावी लागू शकते.

अंगावर पाजणाऱ्या आईच्या स्तनात पू झाला तर?

आधी स्तन लाल होतो, ठणकतो, ताप येतो. या टप्प्यावर औषधांनी बरं वाटू शकतं. पू साठला तर सोनोग्राफीत बघत सुईने तो काढतात. गळू मोठं असेल किंवा त्यावरची त्वचा पातळ झाली असेल, तर छोटी चीर देऊन पू काढावा लागतो. अशा वेळी दूध तोडायची सहसा गरज नसते. उलट दूध साठून राहिलं तर त्रास वाढतो.

कॅन्सर असेल तर पूर्ण स्तन काढावाच लागतो का?

एकेकाळी उत्तर 'हो' असंच होतं. अमेरिकी सर्जन विल्यम हॉलस्टेड यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस रूढ केलेल्या शस्त्रक्रियेत स्तनासोबत छातीचे स्नायूही काढले जात. पुढे इटलीत उंबेर्तो वेरोनेसी आणि अमेरिकेत बर्नार्ड फिशर यांनी मोठे अभ्यास केले. २० वर्षांच्या पाठपुराव्यानंतरचे त्यांचे निष्कर्ष २००२ मध्ये प्रसिद्ध झाले. सुरुवातीच्या टप्प्यातल्या कॅन्सरमध्ये फक्त गाठ काढून रेडिएशन दिलेल्या आणि पूर्ण स्तन काढलेल्या स्त्रिया सारख्याच प्रमाणात जगल्या, असं त्यांत दिसलं.

आता पूर्ण स्तन काढण्याचा सल्ला मुख्यतः पुढच्या परिस्थितीत दिला जातो: कॅन्सर स्तनात बराच पसरलेला असणं, स्तनाच्या मानाने गाठ फार मोठी असणं किंवा रेडिएशन देणं शक्य नसणं. गाठ मोठी असली, तरी काही जणींना आधी केमोथेरपी देऊन ती लहान करता येते आणि स्तन वाचवता येतो. स्तन काढावा लागला, तरी तो पुन्हा घडवण्याची शस्त्रक्रिया उपलब्ध आहे.

कॅन्सर शरीरात दूरवर पसरला असेल, तर गोष्ट आणखी बदलते. मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात ३५० रुग्णांवर झालेल्या आणि २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात असं दिसलं, की अशा स्त्रियांमध्ये स्तनातली मूळ गाठ काढल्याने आयुष्य वाढत नाही. म्हणून तिथे औषधोपचारांवर भर असतो. जखम चिघळणं किंवा रक्तस्राव असा त्रास असेल, तर ऑपरेशनचा विचार होतो.

कॅन्सर नसतानाही स्तन का काढतात?

हॉलिवूड अभिनेत्री अँजेलिना जोलीने मे २०१३ मध्ये 'न्यूयॉर्क टाइम्स'मध्ये लेख लिहून सांगितलं, की कॅन्सर झालेला नसताना तिने दोन्ही स्तनांवर ही शस्त्रक्रिया करून घेतली. तिच्यात बीआरसीए-१ या जनुकातला दोष सापडला होता. हा दोष असलेल्या स्त्रियांना आयुष्यात स्तनाचा कॅन्सर होण्याची शक्यता ७० टक्क्यांच्या आसपास असते. शस्त्रक्रियेने ती खूप कमी होते, पण तोच एकमेव मार्ग नाही. एमआरआयसह नियमित तपासणी हाही पर्याय असतो. आई, बहीण, मावशी किंवा आत्या यांना कमी वयात स्तनाचा किंवा अंडाशयाचा कॅन्सर झाला असेल, तर जनुकीय तपासणीबद्दल डॉक्टरांना विचारावं.

मोठ्या स्तनांमुळे पाठदुखी, पुरुषांमध्ये वाढलेले स्तन

स्तन फार जड असतील तर मान, पाठ, खांदे दुखतात. ब्राच्या पट्ट्यांचे खोल वळ पडतात, स्तनाखाली पुन्हा पुन्हा पुरळ येतं. हा नखरा नव्हे, त्रास आहे. इतर उपायांनी तो कमी झाला नाही, तर आकार कमी करण्याची शस्त्रक्रिया वैद्यकीय गरज ठरू शकते.

वयात येणाऱ्या मुलांचे स्तन वाढले, तर बहुतेकदा सहा महिने ते दोन वर्षांत ते आपोआप कमी होतात. घाईने ऑपरेशन करायचं कारण नसतं. वाढ टिकून राहिली, त्रास होत असेल, तर त्याचा विचार होतो. मात्र प्रौढ पुरुषाच्या एका बाजूला स्तनाग्राखाली टणक गाठ लागली, तर ती तपासून घ्यायलाच हवी. स्तनाचा कॅन्सर पुरुषांनाही होतो.

डॉक्टरांना काय विचारायचं?

बायोप्सीचा रिपोर्ट काय आहे? ऑपरेशन केलं नाही तर काय होईल? फक्त गाठ काढून भागेल का? काखेतल्या सगळ्या ग्रंथी काढायची गरज आहे का? हे प्रश्न विचारण्यात किंवा दुसऱ्या डॉक्टरांचं मत घेण्यात संकोच वाटायला नको.

कधी थांबू नये?

नवीन गाठ, त्वचेला पडलेली खळी, संत्र्याच्या सालीसारखी दिसणारी त्वचा, अचानक आत ओढलं गेलेलं स्तनाग्र, त्यातून येणारं रक्त किंवा काखेतली गाठ, यांपैकी काहीही दिसलं तर लगेच दाखवावं. गाठ दुखत नाही म्हणजे धोका नाही, असं नसतं. कॅन्सरची गाठ सुरुवातीला बहुधा दुखतच नाही.

वेळेवर तपासणीने काय साधतं, हे मुंबईतल्याच वस्त्यांमध्ये दिसलं आहे. टाटा मेमोरियलने १९९८ मध्ये ३५ ते ६४ वयोगटातल्या सुमारे दीड लाख स्त्रियांचा अभ्यास सुरू केला. त्यातल्या निम्म्या स्त्रियांचे स्तन प्रशिक्षित आरोग्यसेविका दर दोन वर्षांनी फक्त हाताने तपासत होत्या. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार या गटात कॅन्सर लवकरच्या टप्प्यावर सापडले. पन्नाशीच्या आतल्या स्त्रियांच्या मृत्यूंत फरक दिसला नाही, पण पन्नाशीपुढच्या स्त्रियांमध्ये स्तनाच्या कॅन्सरने होणारे मृत्यू जवळपास ३० टक्क्यांनी घटले.

स्तन जाईल या भीतीने गाठ लपवली, तर ती वाढत जाते आणि स्तन वाचवण्याची संधी कमी होत जाते. लवकर दाखवलं, तर बहुतेक जणींना ऑपरेशन लागतच नाही. ज्यांना लागतं, त्यांच्यातल्याही अनेक जणींचं काम छोट्या ऑपरेशनवर भागतं.