सेल आधी खाली, मग वर

पारोळ्यात रेल्वे येत नाही. तरी धुळे-जळगाव रस्त्यावरच्या या गावातून पुण्या-मुंबईला आणि तिथून परदेशी निघालेल्या बॅगा काही कमी नाहीत. २३ डिसेंबर २०१७ला ‘उडान’ योजनेतलं मुंबई-जळगाव विमान सुरू झालं आणि काउंटरवरचा तो प्रश्न शेजारच्या गावात येऊन ठेपला : बॅगेत पॉवर बँक आहे का? असेल तर काढा, हातात घ्या.

जुन्या प्रवाशांना नेमकं उलटं आठवेल. तेव्हा आपल्या विमानतळांवर कॅमेऱ्यातले, रेडिओतले सेल हातातल्या सामानातून काढून घेत. न्यायचेच तर खालच्या, चेक-इन बॅगेत टाका म्हणत. धाक माणसाचा होता. सेल म्हणजे स्फोटकाला ठिणगी. पण २३ जून १९८५ला ‘कनिष्क’ विमान अटलांटिकवर फुटलं, ३२९ जण गेले, तो बॉम्ब खालच्या सामानातच होता. १९८८च्या लॉकरबी विमानस्फोटातलाही तिथलाच, कॅसेट प्लेअरमध्ये दडवलेला. सेल जिथे पाठवायचे, घात तिथूनच झाला होता!

मग १९९१मध्ये सोनीने लिथियम-आयन सेल बाजारात आणला आणि धाकाचं कारणच बदललं. यातला द्रव पेट घेणारा. आत शॉर्ट झालं की सेल स्वतःच तापत जातो आणि शेजारच्यालाही तापवतो. विमानाच्या पोटात आग विझवायला हॅलॉन वायू असतो. तो ज्वाळा दाबतो, पण सेलच्या आतली उष्णता थांबवू शकत नाही. केबिनमध्ये निदान धूर दिसतो, कोणीतरी पाणी ओततं. सेल वर आला तो एवढ्यासाठी.

१ जानेवारी २००८पासून अमेरिकेने सुटे लिथियम सेल चेक-इन बॅगेतून बाद केले. सप्टेंबर २०१०मध्ये लिथियम बॅटऱ्या भरलेलं यूपीएसचं मालवाहू विमान दुबईत कोसळलं, दोन्ही वैमानिक गेले. एप्रिल २०१६पासून प्रवासी विमानांत लिथियम-आयन बॅटऱ्या निव्वळ माल म्हणून नेणंही बंद झालं. पण जानेवारी २०२५मध्ये कोरियात एअर बुसानचं उभं विमान जळालं आणि संशय गेला डोक्यावरच्या कप्प्यातल्या पॉवर बँकेवर. आता काही कंपन्या ती डोळ्यांसमोरच ठेवा म्हणतात.

एका बॅटरीची मर्यादा १०० वॅट-तासांची. १६०पर्यंत कंपनीची परवानगी लागते, तीही दोनच सुट्या बॅटऱ्यांना. हिशेब सोपा आहे : २०,००० एमएएचला ३.७ व्होल्टने गुणून हजाराने भागा, ७४ येतात. खरी पंचाईत शेतातल्या बॅटरीची, म्हणजे टॉर्चची. रात्रीची लाईट आली की पाणी भरायला जाताना हातात असते ती, चार्जिंगची. आतला सेल पक्का बसवलेला असेल, तर ती पूर्ण बंद करून, बटण चुकून दाबलं जाणार नाही अशी बांधून खालच्या बॅगेत चालते. तरी हातात नेलेली बरी. फक्त स्वस्तातल्या बॅटरीवर आकडाच छापलेला नसतो. मग काउंटरवरच्या मुलीने तरी काय गुणायचं?